देवगिरीचे ताल, पॅरिसचा ऑर्गन आणि पक्ष्यांची गाणी: ओलिव्हिए मेसियाँ समजून घेताना

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. दरबारातलं हिशेबाचं काम सांभाळून त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे: कोणत्या तालात किती लघु, किती गुरू, कुठे द्रुत, कुठे प्लुत. आज मैफलीत यातले बहुतेक ताल कुणी वाजवत नाही. ते पोथीत राहिले.

जवळजवळ सातशे वर्षांनी पॅरिसमधल्या एका तरुणाला हीच यादी एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. त्याने ती पाठ केली, उलटीसुलटी करून पाहिली आणि पुढे आयुष्यभर तिच्यातून संगीत रचत राहिला. त्याचं नाव ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२). विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की हे नाव पहिल्या चार-पाचांत येतं, आणि लगोलग ‘अवघड आहे बुवा’ असंही ऐकू येतं.

मला हे ‘अवघड’ पटत नाही. मेसियाँ अपरिचित आहे, हे खरं. पण त्याच्या संगीतात नेमकं काय चाललंय हे एकदा कळलं, की ते ऐकायला बीथोवनच्या सिम्फनीपेक्षाही सोपं वाटू शकतं. सिम्फनी आपल्याला कुठून तरी कुठे तरी नेत असते. वाटेत ताण येतो, तो वाढतो, मग सुटतो, आणि हा प्रवास लक्षात ठेवावा लागतो. मेसियाँ बहुतेक वेळा कुठेच नेत नाही. एका जागी थांबवतो आणि तिथलंच दाखवत राहतो. हे तो कसं साधतो, ते समजावून सांगण्यासाठीच हा लेख आहे.

कवयित्रीचा मुलगा, चर्चचा वादक

मेसियाँचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे झाला. वडील पिएर इंग्रजीचे शिक्षक, शेक्सपिअरचे भाषांतरकार. आई सेसिल सोव्हाज कवयित्री. मूल पोटात असताना तिने त्याच्यावर एक अख्खी कवितामालिका लिहिली होती, आणि आपण जे काही झालो त्यात या कवितांचा मोठा वाटा आहे असं मेसियाँ म्हातारपणीही मानत असे. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले तेव्हा आई मुलांना घेऊन ग्रनोब्लला माहेरी राहिली. तिथल्या आल्प्सच्या डोंगरांशी त्याचं जे नातं जुळलं ते शेवटपर्यंत टिकलं. त्या दिवसांत तो धाकट्या भावाला शेक्सपिअरची नाटकं वाचून दाखवायचा आणि खेळण्यातल्या रंगमंचाला रंगीत पारदर्शक कागदाचे पडदे लावून उजेडाचे रंग बदलायचा. पियानो तो आपला आपणच शिकला.

दहा वर्षांचा असताना एका शिक्षकाने त्याला क्लोद द्यब्युसी या संगीतकाराच्या ‘पेलेआस आणि मेलिसांद’ या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली. पुढे त्याने या भेटीचा उल्लेख वीज कोसळल्यासारखा केला आहे. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, दाखल झाला. तिथे त्याला पॉल द्युकाकडून रचना आणि मार्सेल द्युप्रेकडून ऑर्गनवादन शिकायला मिळालं.

१९३१ मध्ये पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली आणि बावीस वर्षांचा मेसियाँ तिथे रुजू झाला. ही जागा त्याने मरेपर्यंत सोडली नाही. साठ वर्षांहून जास्त काळ! जगभर नाव झालं, पुरस्कार मिळाले, पण पॅरिसमध्ये असला की रविवारच्या प्रार्थनेला तो ऑर्गनवर हजर. त्याचं संगीत समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. मेसियाँ निष्ठावान कॅथलिक होता आणि आपलं काम श्रद्धेतल्या सत्यांचं संगीत करण्याचं आहे, असं उघडपणे सांगायचा. त्याच्या काळातल्या पुढारलेल्या कलावंतांमध्ये हे अगदी चालीबाहेरचं होतं. शिवाय ऑर्गनचा स्वर पियानोसारखा विरत नाही. पट्टी दाबून ठेवली की तो तसाच, तेवढाच, अखंड राहतो. थांबलेल्या काळाची गोडी त्याला या वाद्यानेही लावली असणार, असं मला वाटतं.

युद्धकैद्यांच्या छावणीतलं चतुष्क

दुसऱ्या महायुद्धात मेसियाँला सैन्यात बोलावलं गेलं. दृष्टी कमजोर असल्याने त्याला लढाईऐवजी वैद्यकीय मदतनीसाचं काम मिळालं. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला आणि तो जर्मनांच्या हाती सापडला. पकडलेल्यांत आंरी अकोका हा क्लॅरिनेटवादक आणि एतिएन पास्किए हा चेलोवादकही होता. छावणीत नेण्याआधी कैद्यांना उघड्या मैदानावर ठेवलं होतं. मेसियाँने अकोकासाठी लिहिलेला एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा अकोकाने तिथेच पहिल्यांदा वाजवून पाहिला.

तिथून त्यांना गर्लिट्झजवळच्या ‘श्टालाग आठ-अ’ या छावणीत पाठवण्यात आलं. ती जागा आज पोलंडमध्ये येते. तिथे झाँ ल बुलेर हा व्हायोलिनवादक भेटला आणि चार वाद्यं जमली: व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो. मेसियाँने हा मेळ काही विचार करून निवडलेला नव्हता. छावणीत जे वादक होते, त्यांच्यासाठी त्याने लिहिलं. कार्ल-आल्बर्ट ब्र्युल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने त्याला कागद, पेन्सिली आणि शांत जागा मिळवून दिली. पुढे वादकांच्या सुटकेची कागदपत्रं तयार करण्यातही याच माणसाचा हात होता.

१५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीतल्या नाटकाच्या बराकीत ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ ही आठ भागांची रचना पहिल्यांदा वाजली. समोर कैदी आणि पहारेकरी एकत्र बसले होते. पियानो मोडका, दाबलेल्या पट्ट्या वर यायच्या नाहीत. मेसियाँ पुढे सांगायचा की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. खुद्द पास्किएने चेलोला चारही तारा होत्या असं सांगितलं आहे, आणि त्या बराकीत काहीशे माणसंच मावू शकत होती. आठवणीने आकडे फुगवले, एवढंच. काहीशे उपाशी, गारठलेली माणसं पन्नासेक मिनिटं निश्चल बसून अशी रचना ऐकतात, ही घटना तेवढीच मोठी आहे.

या रचनेच्या शीर्षकातला ‘काळाचा अंत’ बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून आलाय. त्यात एक देवदूत समुद्रावर आणि जमिनीवर पाय रोवून उभा राहतो आणि यापुढे काळ उरणार नाही असं घोषित करतो. मेसियाँने हे वाक्य दोन्ही अर्थांनी घेतलं. एक अर्थ श्रद्धेचा, दुसरा थेट कारागिरीचा: ठरावीक ठोक्यांनी चालणारा, एक-दोन-तीन-चार असा मोजत जाणारा काळ संगीतातून काढून टाकायचा.

ठोका काढून टाकायचा म्हणजे काय?

इथे शार्ङ्गदेव कामाला आला. पाश्चात्त्य संगीतात सर्वसाधारणपणे एक समान ठोका असतो आणि त्याचे दोन, तीन, चार असे गट पडतात. आपल्याकडे देशी तालांची मांडणी निराळी आहे. ती मात्रांच्या बेरजेवर चालते. लघु एक धरला तर गुरू दोन, प्लुत तीन, द्रुत अर्धा. ही लहानमोठी मापं हवी तशी एकापुढे एक ठेवून ताल बांधायचा. सारख्या आकाराच्या चौकटीत सगळं बसवण्याची सक्ती नाही.

‘रागवर्धन’ हा एक ताल नीट न्याहाळून मेसियाँने तीन युक्त्या हुडकल्या. १९४४ मध्ये छापलेल्या आपल्या संगीतभाषेवरच्या पुस्तकात त्याने त्या मोकळेपणाने सांगितल्या आहेत. पहिली: सरळ लयबंधात एक इवलीशी जादा मात्रा घुसवायची. चारच्या जागी सव्वाचार झाले की पायाने ठेका धरता येत नाही आणि कान जागा होतो. दुसरी: लयबंध मोठा किंवा लहान करताना दुप्पट-निम्मा असा सरळ हिशेब न करता दीडपट, सव्वापट असा तिरका करायचा.

तिसरी युक्ती त्याची सर्वांत आवडती. पुढून आणि मागून सारखाच असणारा लयबंध. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलट वाचलं तरी तेच राहतं ना, अगदी तसा. लांबीच्या मापात सांगायचं तर ३-५-८-५-३. देशी तालांत ‘ढेंकी’ हा गुरू-लघु-गुरू असा छोटासा ताल याच जातीचा आहे. एरवी लयीला दिशा असते, सुरुवात एका टोकाला आणि शेवट दुसऱ्या. या बंधाला दिशा नाही. तो उलटा फिरवता येत नाही, कारण उलटा फिरवला तरी तोच उरतो. काळ पुढे सरकतो ही भावनाच त्यातून निघून जाते. छावणीतल्या चतुष्काच्या सहाव्या भागात चारही वाद्यं एकच सुरावट एकदम वाजवतात आणि तिथे असे बंध एकापाठोपाठ एक येतात. ऐकताना आपण मोजायचं सोडून देतो. ते त्याला हवंच होतं.

पहिल्या भागात तर त्याने याहून सुंदर गोष्ट केली आहे. पियानोवर २९ स्वरसमूहांची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची) एक माळ सारखी फिरत राहते. त्याच वेळी तिला लावलेली लय १७ लांबींची आहे, आणि ती रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश या तीन देशी तालांमधून आलेली आहे. १७ आणि २९ यांना सामाईक विभाजक नाही, म्हणून दोन्ही आवर्तनं पुन्हा एकत्र सुरू व्हायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ स्वरसमूह वाजावे लागतील. तबल्याची तिहाई समेवर आली की आपल्याला जो आनंद होतो, तशी एक सम इथेही आहे, पण फार लांबवर. चेलोची तिसरीच आवर्तनं आहेत, पाच स्वरांची आणि पंधरा लांबींची, त्यामुळे ती सम आणखी लांब जाते. हा भाग अडीच-तीन मिनिटांत संपतो. सम येतच नाही. मोठ्या कुठल्या तरी चक्राचा एक तुकडा आपल्या कानांवरून गेला, असं वाटतं. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेच्या दोन पक्ष्यांची गाणी गात असतात.

एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मेसियाँने भारतीय संगीत ‘वापरलं’ असं म्हणणं बरोबर नाही. तो कुणा गुरूकडे शिकला नाही, आणि ज्या तालांवर त्याने एवढं काम केलं ते त्याला कागदावरूनच कळले होते. ठेका, टाळी, खाली, लेहरा यातलं काही त्याच्या रचनांमध्ये नाही. त्याने लांबी-आखूडपणाच्या मापांची यादी घेतली आणि तिच्यातून स्वतःचं काही उभं केलं. कुणाला हे उसनं वाटेल. मला त्यात एका ग्रंथाचं भाग्य दिसतं: देवगिरीत लिहिलेल्या एका अध्यायाला, तो व्यवहारातून गेल्यानंतर कित्येक शतकांनी, एक असा वाचक मिळाला ज्याने तो वाजता केला.

मूर्च्छना केली तरी न बदलणाऱ्या सुरावटी

लयीचं जे केलं, तेच त्याने सुरांचंही केलं. हार्मोनियम शिकलेल्यांना हे पटकन कळेल. भूप घ्या: सा रे ग प ध. आता गंधाराला षड्ज मानून तेच सूर वाजवले तर मालकंस होतो. सूर तेच, पण षड्ज हलला आणि राग बदलला. ही झाली मूर्च्छना.

आता ही सुरावट पाहा: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. इथे कोमल गंधाराला षड्ज माना आणि पुन्हा वाजवा. काहीच बदलत नाही, तीच सुरावट! तीव्र मध्यमापासून वाजवा, शुद्ध धैवतापासून वाजवा, तरी तीच. याचा दुसरा परिणाम असा की साध्या सप्तकातली सुरावट बारा वेगवेगळ्या पट्ट्यांत नेता येते, पण ही फक्त तीनच पट्ट्यांत नेता येते. चौथीवर गेलात की पहिलेच सूर परत येतात.

मेसियाँने अशा सात सुरावटी मांडल्या. त्यातल्या काही त्याच्या आधीच्या रचनाकारांनीही वापरल्या होत्या, पण त्यांची व्यवस्था लावून त्यांना आपली मातृभाषा केली ती याने. त्यांत कुठलाही एक सूर ‘घर’ ठरत नाही, कारण सारख्या हक्काची एकाहून जास्त घरं असतात. घर नाही, त्यामुळे घरी परतण्याची ओढही नाही. उलटा न फिरणारा लयबंध आणि कुठेही न परतणारी सुरावट यांची ही जोडी त्याने बुद्ध्याच जमवली. दोन्हींत पुढे जायची वाट मुद्दाम बंद केलेली आहे आणि या बंद वाटेचीच मोहिनी पडते, असं तो म्हणायचा.

याला आणखी एक अंग होतं. मेसियाँला स्वरसमूह ऐकले की मनात रंग दिसायचे. डोळ्यांसमोर नव्हे, मनाच्या आत, पण नेमके. वर सांगितलेली सुरावट पहिल्या पट्टीत त्याला निळसर जांभळी दिसायची. लहानपणी पॅरिसच्या सँत शापेल या चर्चमधल्या रंगीत काचांनी तो दिपून गेला होता, आणि आपण स्वरांच्या रंगीत काचाच बनवतो असं त्याला वाटे. आपल्याला ते रंग दिसणार नाहीत. पण त्याच्या संगीतात एक स्वरसमूह दुसऱ्याकडे ‘जात’ नाही, नुसता शेजारी उभा राहतो, याचं कारण इथे आहे.

वर्गातले मास्तर

छावणीतून सुटल्यावर १९४१ मध्ये मेसियाँ कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला लागला आणि १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला. पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ श्टोकहाउझन, यानिस झेनाकिस, आणि पुढे जेरार ग्रिझे, त्रिस्ताँ म्युराय, जॉर्ज बेंजामिन. युद्धानंतरच्या युरोपीय संगीताची अर्धी नावं या एका वर्गातून गेली आहेत. आणि यातलं कुणीही मेसियाँसारखं लिहीत नाही! शिक्षक म्हणून त्याची थोरवी यात आहे. झेनाकिस त्याच्याकडे आला तेव्हा तिशीजवळ पोहोचला होता, इंजिनिअर होता, वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम करायचा. हार्मनी, म्हणजे स्वरसमूह रचण्याचं शास्त्र, पहिल्यापासून शिकू का, असं त्याने विचारलं. मेसियाँने त्याला नको म्हणून सांगितलं: तुला गणित येतं, वास्तुकला येते, त्यातूनच संगीत कर. कॉन्झर्व्हेटरीच्या प्राध्यापकाने असा सल्ला देणं सोपं नव्हतं.

१९४१ च्या त्याच पहिल्या वर्गात इव्हॉन लोरिओ ही पियानोवादक होती. तिचा हात पाहून मेसियाँने पियानोसाठी जे लिहिलं ते त्याआधी लिहिण्याची त्याची हिंमत झाली नसती. त्याची पहिली पत्नी क्लेअर देल्बोस व्हायोलिनवादक आणि संगीतकार होती. युद्धाच्या अखेरीला ती आजारी पडली, तिची स्मृती गेली, आणि १९५९ मध्ये जाईपर्यंत तिची बरीच वर्षं आरोग्यगृहात गेली. त्या काळात मेसियाँने मुलाला एकट्याने वाढवलं. १९६१ मध्ये त्याने आणि इव्हॉनने लग्न केलं.

‘तुरंगलीला’ ही दहा भागांची अफाट सिम्फनी १९४६ ते १९४८ मधली. शीर्षकाचे दोन्ही शब्द संस्कृत, आणि त्यातला ‘तुरंगलीला’ हा जोडशब्दही देशी तालांच्या त्याच यादीतला. बॉस्टनमध्ये २ डिसेंबर १९४९ रोजी लेनर्ड बर्नस्टाइनने ती पहिल्यांदा वाजवली. प्रेमावरची, ओसंडून वाहणारी, सव्वा तासाहून मोठी रचना. तिच्यात ‘ओंद मार्तनो’ हे विजेवर चालणारं वाद्य मानवी आवाज आणि सतारीची मींड यांच्यामधलं काहीतरी गात असतं. काहींना ती भडक वाटते. मला तिचा पाचवा भाग, ‘ताऱ्यांच्या रक्ताचा आनंद’, कितीही वेळा ऐकला तरी पुरेसा होत नाही.

त्याच सुमारास, १९४९ मध्ये, त्याने अगदी उलट टोकाचा पियानोचा एक लहान तुकडा लिहिला. त्यात ३६ सूर, २४ लांबी, १२ प्रकारचे आघात, ७ पातळ्यांचा आवाज, आणि प्रत्येक सुराला यातलं काय मिळणार हे आधीच ठरवलेलं. तरुण श्टोकहाउझनने त्याची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि भारावून गेला. पुढची काही वर्षं युरोपातल्या तरुण संगीतकारांनी याच वाटेने सगळं मोजूनमापून रचलं. मेसियाँ स्वतः त्या वाटेवर रमला नाही. तो पहाटे उठून रानात गेला.

पक्षी

पक्ष्यांची गाणी तो लहानपणापासून टिपत होता, चतुष्कातही ती आहेत. पण १९५२ च्या आसपास त्याने झाक द्लामाँ या पक्षितज्ज्ञाच्या सोबतीने हे शास्त्रशुद्ध शिकायला घेतलं. कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशावर बसून, कुणाला उत्तर देत गातो, हे सगळं तो स्वरलिपीच्या वहीत कानाने ऐकून तिथल्या तिथे उतरवायचा. नंतरच्या प्रवासांत इव्हॉन सोबत ध्वनिमुद्रण करायची, पण वही सुटली नाही. अशा वह्यांची रास मागे राहिली आहे.

पक्ष्याचं गाणं पियानोवर जसंच्या तसं वाजवताच येत नाही. पक्षी फार वेगात गातो, फार वरच्या सप्तकात गातो, आणि दोन पट्ट्यांच्या मधले सूक्ष्म सूर लावतो. मेसियाँने त्यावर तोडगा काढला: सगळंच प्रमाणात मोठं करायचं. वेग कमी, सप्तक खाली, आणि दोन श्रुतींचं जे सूक्ष्म अंतर असेल ते अर्ध्या स्वरापर्यंत ताणायचं. त्यामागचं प्रमाण कायम राहतं, म्हणून जाणकाराला पक्षी ओळखता येतो. आवाजाचा पोतही त्याला हवा असायचा. कर्कश पक्षी असेल तर प्रत्येक सुराखाली तो वेगळा, खरखरीत स्वरसमूह लावायचा, कारण पियानोवर रंग बदलण्याचा तेवढाच मार्ग आहे.

१९५६ ते १९५८ या काळात त्याने लिहिलेल्या ‘पक्षिसूची’त पियानोचे तेरा तुकडे आहेत. सगळे सलग वाजवले तर जवळजवळ पावणेतीन तास लागतात. प्रत्येक तुकडा फ्रान्सच्या एकेका प्रदेशातल्या एका पक्ष्याच्या नावाने आहे, पण आजूबाजूचे इतर पक्षी, खडक, पाणी, रात्र, हवेतला उकाडा हेही त्यात आहे. दुसरा तुकडा हळद्याचा. युरोपातला हळद्या आपल्या हळद्याचा जवळचा नातलग आहे आणि त्याचं फ्रेंच नाव इव्हॉनच्या आडनावासारखं ऐकू येतं, हे मेसियाँच्या मनात नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. मधला, सातवा तुकडा बोरूच्या बेटांत राहणाऱ्या वटवट्याचा. तो सर्वांत मोठा, अर्ध्या तासाचा. त्यात मध्यरात्रीपासून दुसऱ्या मध्यरात्रीनंतरच्या तीन वाजेपर्यंतचे २७ तास एका तळ्याकाठी जातात. मधूनच सूर्य उगवतो, कमळं उमलतात, बेडूक ओरडतात. प्रत्यक्षात तिथे रात्रभर बसल्याखेरीज कुणाला हे लिहिता आलं नसतं.

१९५६ च्याच ‘परदेशी पक्षी’ या रचनेत पियानो आणि वाद्यवृंद मिळून भारत, चीन, मलाया, अमेरिका अशा ठिकाणचे पक्षी एकत्र गातात. सुरुवातच डोंगरी मैनेने होते. शामाही आहे. तालवाद्यं मागे ग्रीक छंद आणि देशी ताल वाजवत राहतात. १९६० च्या ‘क्रोनोक्रोमी’मध्ये एके ठिकाणी अठरा तंतुवाद्यं अठरा पक्ष्यांची गाणी एकाच वेळी गातात, बाकी सगळे गप्प. पॅरिसच्या श्रोत्यांनी त्यावर गोंधळ घातला होता. ज्याने पहाटेच्या रानात कधी कान दिले असतील त्याला मात्र हा कलकलाट ओळखीचा वाटेल.

इथे मला मेसियाँचा विचार एकसंध दिसतो. पक्ष्याच्या गाण्याला ठोका नसतो, कुठे पोहोचायचं नसतं, तरी त्याची रचना काटेकोर असते. जे त्याने देशी तालांच्या यादीत शोधलं, जे सातही सुरावटींत बांधलं, ते त्याला रानात आयतं सापडलं.

उत्तरायुष्य

साठीनंतर त्याने मोठाली कामं हाती घेतली. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या लाल-केशरी दऱ्या पाहून लिहिलेली ‘दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत’ १९७४ मध्ये पूर्ण झाली, आणि तिथल्या लोकांनी एका डोंगराला त्याचं नाव दिलं. मग आठ वर्षं एकाच कामात गेली: संत फ्रान्सिसवरचा ऑपेरा. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी सैजी ओझावाच्या संचालनाखाली तो पॅरिस ऑपेरात सादर झाला. चार तासांचं संगीत, शंभराहून जास्त वादक, दीडशे गायकांचं वृंदगान, आणि नाट्य म्हणावं असं फारसं काही घडत नाही. संत पक्ष्यांना उपदेश करतो तो एकच प्रवेश पाऊण तासाचा आहे. त्यासाठी मेसियाँ न्यू कॅलिडोनियाला जाऊन तिथले पक्षी ऐकून आला होता.

२७ एप्रिल १९९२ रोजी तो गेला. शेवटची पूर्ण केलेली मोठी रचना, ‘परलोकावरचे प्रकाशझोत’, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली पहिल्यांदा वाजवली. त्याला स्वतःला ती ऐकायला मिळाली नाही.

कुठून ऐकायला सुरुवात करावी

चतुष्काचा पाचवा भाग घ्या: चेलो आणि पियानो, आठ-नऊ मिनिटं. पियानो एकसारखे हलके स्वरसमूह वाजवतो आणि चेलो एक लांबच लांब सुरावट गातो. विलंबित ख्यालाच्या आलापीची सवय असलेल्या कानाला इथे काहीही समजावून सांगावं लागत नाही. मग तिसरा भाग, एकट्या क्लॅरिनेटचा. त्यात शांततेतून एक सूर उगवतो आणि ऐकवेनासा होईपर्यंत वाढत जातो. तो हेडफोनवर, आवाज आधी कमी ठेवून ऐका. हे दोन कानात बसले की मग पहिल्या भागाकडे या आणि १७ व २९ची आवर्तनं मोजायच्या भानगडीत न पडता वरचे दोन पक्षी ऐका.

त्यानंतर ‘पक्षिसूची’तला हळद्याचा तुकडा आणि ‘तुरंगलीला’चे पाचवा व सहावा हे दोन भाग लागोपाठ: एक धावणारा, एक निजलेला. ऑर्गनच्या रचना घरच्या स्पीकरवर निम्म्याच कळतात, कारण त्या दगडी भिंतींतल्या घुमाऱ्यासाठी लिहिलेल्या आहेत. संधी मिळाली तर त्या चर्चमध्येच ऐकाव्यात. १९४९ चा तो काटेकोर पियानोचा तुकडा मात्र सुरुवातीला ऐकू नका. त्याचं ऐतिहासिक महत्त्व मोठं आहे, पण मेसियाँ त्यात सर्वांत कमी आहे. आणि संत फ्रान्सिसचा ऑपेरा एका बैठकीत ऐकायचा हट्ट न धरता आधी पक्ष्यांच्या उपदेशाचा प्रवेश तेवढा ऐकावा. त्या पाऊण तासात शेवटच्या वृंदगानाच्या जागी पक्षीच गातात, प्रत्येकजण आपापल्या लयीत, आणि संचालक काही वादकांना फक्त कधी सुरू करायचं तेवढं सांगतो.